पोचल्याची घंटा

बाबा गेले त्याच्या दोन दिवस आधी त्यांनी मला विचारलं, "गाडी पोचली का?"

दवाखान्यातली दुपार होती. मी त्यांच्या उशाशी बसून संत्रं सोलत होते. ते खाणार नाहीत हे मला माहीत होतं, पण हाताला काहीतरी काम हवं होतं.

"पोचली, बाबा."

"किती वाजता?"

काहीतरी सांगायचं म्हणून मी सांगितलं, "चार-दहाला."

त्यांनी डोळे उघडले. ओठ हलत होते. ते वजाबाकी करतायत हे मला उशिरा कळलं.

"अर्धा तास?" ते म्हणाले. "मधे काय झालं गं?"

"काही झालं नाही. झोपा तुम्ही."

"चौदा मिनिटांचा रस्ता. अर्धा तास कशाला लागेल? मधे काय झालं?"

ते संध्याकाळपर्यंत हेच विचारत राहिले. पुढे ग्लानी वाढली आणि बोलणं तुटत गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. मला वाटलं होतं की एक थाप मारून मी त्यांना शांत करतेय. प्रत्यक्षात मी त्यांना एक अपघात देऊन पाठवलं.

कोणती गाडी, हे आमच्या घरात कुणाला विचारावं लागत नसे. बाबा एका लहान स्टेशनचे मास्तर होते. चौतीस वर्षांपूर्वी ते स्टेशन बंद झालं. त्या दिवशी पंधरा-चाळीसला, म्हणजे दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी, त्यांनी शेवटची गाडी सोडली. ती पुढच्या स्टेशनला पोचल्याचं त्यांना कुणी कळवलं नाही.

हे स्टेशन गावासाठी बांधलेलंच नव्हतं. ते इंजिनाच्या तहानेसाठी बांधलं होतं. चढ सुरू व्हायच्या आधी इंजिनाला पाणी घ्यावं लागे, म्हणून तिथे एक टाकी उभी केली. टाकीची राखण करायला माणूस ठेवला, माणसासाठी खोली बांधली, आणि गाडी थांबतेच आहे तर माणसं चढू लागली. मग पलीकडे दगडाची खाण निघाली. वजनकाटा आला, मालाचा धक्का आला, तिकिटाची खिडकी आली. बाबा तिथे गेले तेव्हा दिवसाला सहा गाड्या होत्या. पुढे पाणी न पिणारी इंजिनं आली. खाण संपली. नदीवर पूल झाला आणि बस थेट चौकातून सुटू लागली. सहाच्या चार झाल्या, चाराच्या दोन, आणि शेवटच्या वर्षी एकच गाडी सकाळी एका दिशेने जायची आणि दुपारी परत यायची. बाबा ती एक गाडीही सहा गाड्यांच्या थाटात घ्यायचे. टोपी घालून.

लाइन एकेरी होती. दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी असली पाहिजे, हा सगळ्या नियमांचा बाप. गाडी सोडायच्या आधी बाबा पुढच्या स्टेशनला विचारत. गाडी तिकडे पोचली की तिकडचे मास्तर यंत्राचं बटण दाबत आणि आमच्या ऑफिसातली घंटा वाजे. दोन ठोके, जरा थांबून एक. बाबा तेच ठोके परत पाठवत, म्हणजे समजलं. मग नोंदवहीत त्या गाडीच्या ओळीतल्या शेवटून दुसऱ्या रकान्यात पोचल्याची वेळ लिहीत. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो सहसा रिकामाच असायचा. वेळ लिहिली जाईपर्यंत वहीच्या लेखी गाडी वाटेतच असते.

शेवटच्या गाडीची वेळ लिहिलेली नव्हती.

"गाडी पोचली हे तुम्हाला माहीत नाही का?" आई चिडून विचारायची. "डबे काय आकाशात उडाले?"

"माहीत असणं वेगळं आणि कळवलेलं असणं वेगळं," बाबा म्हणायचे.

"घरातला नळ सहा महिने गळतोय, तो काय कळवल्यावर दुरुस्त होणार आहे?"

उघडी ओळ असलेली वही जमा करता येत नाही, असं म्हणून बाबांनी ती घरी आणली होती. शहरातल्या ऑफिसात बदली झाल्यावर त्यांना पत्र आलं, 'नोंदवही क्रमांक सत्तावीस जमा झाल्याचे आढळत नाही.' बाबांनी उत्तर दिलं, 'ओळ पूर्ण झाल्यावर जमा करण्यात येईल.' आणखी दोन पत्रं आली. मग पत्र लिहिणारा बहुतेक निवृत्त झाला. वही कपाटात, स्वेटरांच्या खाली राहिली.

महिन्याभराने कपाट आवरताना ती माझ्या हाताला लागली. मी भावाला फोन केला.

"ताई, रद्दीत दे नाहीतर रेल्वेला दे," तो म्हणाला. "दोन्ही एकच."

"त्यांनी मला शेवटी तेच विचारलं रे. आणि मी खोटं सांगितलं."

"त्यांना काय कळत होतं तेव्हा?"

"वजाबाकी कळत होती."

तो म्हणाला, "तू मात्र रेल्वेची खरी. रात्री माझ्या पाठीवर गाड्या सोडायचीस, आठवतं? टक टक, टक. झोपू द्यायची नाहीस."

"तू उत्तर द्यायचा नाहीस. मग लाइन मोकळी कशी होणार?"

तो हसला, मीही हसले, आणि फोन ठेवल्यावर मी ठरवलं की खरी वेळ शोधून काढायची. बाबांना सांगता येणार नव्हती. पण मी त्यांना दिलेली वेळ खोटी होती, आणि तीच शेवटची म्हणून राहावी हे मला सोसत नव्हतं.

वेळ सांगू शकेल असा एकच माणूस होता, पुढच्या स्टेशनचे मास्तर. बाबा त्यांना 'पुढचे' म्हणत आणि ते बाबांना 'मागचे'. बावीस वर्षं रोज दोघांचं बोलणं व्हायचं, फोनवर किंवा घंटेवर. मी ऑफिसातल्या टेबलाखाली मांजरीला घेऊन बसायचे आणि वरून बाबांचा आवाज यायचा, "काय पुढचे, जेवलात का?" पलीकडचं मला ऐकू यायचं नाही. पण बाबा हसून म्हणायचे, "मागच्याला सोडून जेवलात? शोभतं का?" घरी आम्ही त्यांना पुढचे काका म्हणायचो. मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

बाबांच्या फोनच्या डायरीत 'प'खाली पत्ता सापडला. पहिला पत्ता खोडून दुसरा लिहिला होता, दुसरा खोडून तिसरा. तिसऱ्याची शाई अलीकडची होती. चौतीस वर्षं त्या माणसाला एक पोस्टकार्ड टाकलं नाही, पण तो कुठे राहायला गेला याची नोंद मात्र ठेवली.

बसने चार तास लागले. शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. दार उघडलं ते सुनेनं. मी कोण ते सांगितलं तर ती म्हणाली, "उजव्या बाजूला बसा. डावा कान गेलाय. उजवाही मर्जीनुसार चालतो."

खिडकीशी एक बारीक, ताठ म्हातारा बसला होता. शर्टाचं वरचं बटणही लावलेलं.

"मागच्यांची मुलगी," सून मोठ्याने म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "गेले?"

मान हलवून मी म्हटलं, "तीन महिने झाले. कळवायचं राहिलं, काका. पत्ता उशिरा सापडला."

"बसा." मग जरा वेळाने, "आम्ही दोनदाच भेटलो हो. एकदा खात्याच्या परीक्षेला, एकदा एका चौकशीला. दोन्ही वेळा इतके घाबरलेलो की एकमेकांचं तोंड धड पाहिलं नाही. रजा घ्यायची तर एकाने घ्यायची, दुसऱ्याने लाइन सांभाळायची. मग भेटणार कुठे, मधल्या पुलावर?"

सुनेनं चहा आणून ठेवला. मी पिशवीतून वही काढली, शेवटचं पान उघडून त्यांच्यासमोर सरकवलं. बसमध्ये चार तास घोळवलेलं सौम्य वाक्य ऐन वेळी सापडेना.

"काका, शेवटच्या गाडीची घंटा तुम्ही का दिली नाहीत?"

"काय?"

"घंटा! का दिली नाहीत?"

ओट्यापाशी भांड्यांचा आवाज थांबला. काकांचा चेहरा लाल झाला.

"मी? मी घंटा दिली नाही? हे कोण म्हणतं?"

"वही म्हणते."

त्यांनी चष्मा लावला, रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं, आणि ते तिथेच राहिलं. "पंधरा-एकोणपन्नास," ते हळू म्हणाले. "नऊ मिनिटांत आली. इतक्या लवकर कधीच आली नव्हती. दोनच डबे, तेही रिकामे. मी फलाटावरून धावत आत गेलो आणि घंटा दिली. आणि तुमच्या वडिलांनी उत्तरही दिलं. उत्तराशिवाय मी घंटा सोडत नसे."

"नाही दिलं. ते त्या दिवशी अंधार पडेपर्यंत यंत्रापुढे बसून होते. तारा काढणारी माणसं आली तेव्हाच उठले. फोन तर सकाळीच काढून नेला होता. त्यांना वाटलं, तुम्ही विसरलात."

"मग विचारायचं ना!"

"बावीस वर्षांनी? शेवटच्या दिवशी तुम्ही काम चुकवलंत का, असं?"

काका खिडकीबाहेर पाहत राहिले. खाली कुणीतरी मशीनचं चाक फिरवून बघत होतं.

"उत्तर आलं," ते म्हणाले. "फक्त हात वेगळा होता."

"म्हणजे?"

"बटण दाबायचा प्रत्येकाचा हात असतो. तुमच्या वडिलांचे दोन ठोके सावकाश, मग मोठी विश्रांती, आणि तिसरा इतका हलका, की झोपलेल्या मुलाच्या खोलीचं दार लावावं तसा. त्या दिवशी तिन्ही घाईचे. पत्र्यावर खडे टाकल्यासारखे. मला वाटलं, रडतायत. आम्ही सगळेच त्या आठवड्यात कधी ना कधी रडलो. पण आपण कुणाचं रडणं ऐकलं, हे त्याला कळू देऊ नये. मी म्हटलं, त्यांना बोलावंसं वाटेल तेव्हा बोलतील. थांबलो."

"किती वर्षं?"

"आता तुम्ही आलात ना," ते म्हणाले.

त्यांनी चमचा उचलला आणि टेबलावर वाजवून दाखवलं. "तुमचे वडील असे." टक. टक. मग इतका वेळ काहीच नाही, की मला वाटलं ते विसरले. मग टक. तो आवाज मी चौतीस वर्षांत ऐकला नव्हता, आणि तो अगदी तोच होता.

मी काही ठरवलं नाही. माझी बोटं टेबलावर होतीच. घंटा झाली की उत्तर द्यायचं असतं. टक टक, टक.

काकांनी मान वर केली. चमचा खाली ठेवला, आणि पूर्ण तळवा टेबलावर पसरला, कान नसलेला माणूस ऐकतो तसा.

"परत."

मी पुन्हा वाजवलं.

"परत."

टक टक, टक.

"हाच," ते म्हणाले.

मला आठवलं असं म्हणणं बरोबर होणार नाही. ते कुठे गेलंच नव्हतं, फक्त मी त्या बाजूला कधी वळले नव्हते. रूळ बदलायचे सांधे सांभाळणाऱ्या माणसाची बदली आठवडाभर आधीच झाली होती, म्हणून गाडी सुटल्यावर टोकाचे सांधे बंद करायला बाबा स्वतः चालत गेले. जाताना त्यांनी घड्याळ पाहिलं. चौदा मिनिटं लागणार, म्हणजे परत येऊन बसायला वेळ होता. मी टेबलाखाली होते. मांजर खोक्यात घालून ठेवली होती, दुसऱ्या दिवशी सामान हलायचं होतं, आणि ती ओरडत होती. घंटा वाजली. दोन, आणि एक. ऑफिसात कुणी नव्हतं. घंटा वाजून तशीच राहिली तर काहीतरी भयंकर होईल, असं नऊ वर्षांच्या मला वाटलं. मी बाबांच्या खुर्चीवर चढले आणि बटण दाबलं. त्या यंत्राला हात लावला तर हात मोडेन, असं बाबांनी आम्हा दोघांना सांगून ठेवलं होतं. ते परत आले तेव्हा मी पुन्हा टेबलाखाली होते.

"घंटा झाली का गं?" त्यांनी विचारलं होतं.

मी म्हटलं होतं, "नाही."

ते खुर्चीवर बसले. मला त्यांचे बूट दिसत होते. मी बराच वेळ त्यांच्या बुटांकडे पाहत बसले, मग आईने हाक मारली आणि मी गेले.

बाबांशी मी आयुष्यात दुसरंही खोटं बोलले असेन, सगळीच मुलं बोलतात. पण लक्षात राहावीत अशी ही दोनच, आणि दोन्ही एकाच गाडीबद्दल. एकदा पोचलेली गाडी मी पोचली नाही म्हटलं. एकदा ती उशिरा पोचवली.

काकांना मी हे सांगितलं. मोठ्याने सांगावं लागलं, त्यामुळे सुनेनंही ऐकलं आणि बहुतेक खालच्या दुकानानेही.

काकांचे खांदे हलू लागले. मला वाटलं ठसका लागला. ते हसत होते.

"अहो, चौतीस वर्षं मी तुमच्या बापाला रडका समजत आलो!" ते म्हणाले. "आणि ते मला कामचुकार!"

ते हसत राहिले, मग खोकले, मग चष्मा काढून पुसत बसले. पुसून झाल्यावरही तो डोळ्याला लावला नाही. सुनेनं चहाचे कप उचलले आणि आत गेली.

"एक पत्र टाकलं असतं," ते शेवटी म्हणाले. "मी तरी. दोन ओळींचं काम होतं."

"त्यांच्या डायरीत तुमचे तीन पत्ते आहेत, काका. दोन खोडलेले. तिसरा इथला."

"इथला?" त्यांनी विचारलं. "इथे येऊन मला तीनच वर्षं झाली."

मी वही मिटायला लागले तर त्यांनी हात धरला.

"लिहून टाका. पंधरा-एकोणपन्नास."

"इथे नको. नोंद जागेवरच करायची, बाबा म्हणायचे."

"बरोबर म्हणायचे." हात सुटला. "पण सही त्यांची करू नका. ज्याने घंटा घेतली, त्याची सही."

"मी कुठे कर्मचारी होते?"

"मग शेऱ्याचा रकाना कशाला असतो?"

दार लावताना मी मागे पाहिलं. त्यांचा तळवा अजून टेबलावर पसरलेला होता.

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमधून मी फाट्यावर उतरले. तिथून स्टेशन दोन किलोमीटर. रूळ कधीच काढून नेले होते, पण खडी राहिली होती आणि खडीवर नीट चालता येत नाही, त्यामुळे कडेनं चालले. वाटेत कुणी भेटलं नाही. टाकीचे चार खांब उभे होते, टाकी नव्हती. फलाटाच्या कडेचे दगड उपटून कुणी कुठल्या तरी घराच्या पायऱ्यांना लावले असतील. तिकिटाची खिडकी विटांनी बुजवली होती. आमच्या घराच्या जागी जोती आणि एक अर्धी भिंत उरली होती, आणि मला आधी कळेना की यातलं स्वयंपाकघर कुठलं. मग त्या भिंतीवर चुलीच्या वरचा काळा डाग दिसला.

ऑफिसचं छप्पर गेलं होतं. जमिनीवर सिमेंटचे चार चौकोन होते, यंत्राचं टेबल जिथे घट्ट बसवलेलं होतं ते. मी त्यांच्या मधे बसले. नऊ वर्षांची असताना इथे ऐसपैस जागा होती. आता गुडघे जवळ घ्यावे लागले. वर आकाश होतं, आणि कुठे तरी लांब ट्रॅक्टर चालू होता, तोही थोड्या वेळाने बंद झाला.

वही मांडीवर उघडली. बाबांचं अक्षर ओळीच्या शेवटाकडे जरा वर चढायचं. सुटल्याची वेळ, १५.४०. त्याच्या पुढे चौतीस वर्षांचा पांढरा चौकोन. मी त्यात लिहिलं, १५.४९. माझं अक्षर बाबांसारखं नाही, त्यांच्या शेजारी ते लगेच ओळखू येतं. मग शेऱ्याच्या रकान्यात, जागा थोडी होती म्हणून बारीक अक्षरात लिहिलं, 'घंटा मुलीने घेतली. उत्तर दिले. मास्तरांना कळवले नाही.' खाली सही केली.

दिवस संपला की बाबा शेवटच्या ओळीखाली पट्टीनं दोन रेघा मारायचे. पट्टी मी आणली नव्हती. बसच्या तिकिटाची कड धरून मारल्या. दुसरी जरा तिरकी गेली.

शाई वाळेपर्यंत वही मिटायची नसते. मी तशीच बसून राहिले.